डोक्यामागची खुर्ची

हैदराबाद, रविवार, ११ नोव्हेंबर १९५६

भावोजी,

आज तुमच्या दिवाणावरची गादी उसवली. उद्या दुपारी पिंजारी येणार आहे. कापूस पिंजून एकीच्या दोन लहान गाद्या करून घेते, म्हणजे औरंगाबादला न्यायला बऱ्या पडतील. अभ्रा काढला तेव्हा आत केसांचे आकडे, शेरवानीचं एक बटण आणि भुईमुगाची टरफलं निघाली. शहरातली माणसं या गादीवर पडून मन मोकळं करतात असं तुम्ही म्हणायचात. मन काही सापडलं नाही. तेलाचे डाग मात्र पुष्कळ आहेत. पेशंटांना डोक्याला तेल जरा कमी लावून यायला सांगा, असं मी कितीदा म्हटलं होतं. तुमचं म्हणणं, असं सांगितलं तर ते मोकळेपणाने बोलणार नाहीत. बोलले ते मोकळेपणाने. अभ्रे मी धुतले.

परवा नदीकाठच्या देवळात तुमचा तेरावा झाला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. आले ते सगळे बोलले. तुमच्या इस्पितळातले दोन अटेंडंट आले होते, तेही बोलले. मी गप्प राहिले. मला जे बोलायचं होतं ते तुमच्याशीच होतं, आणि तुम्ही नेहमीप्रमाणे भांडण अर्धं टाकून उठून गेलात. राउंड घेता घेता वॉर्डाच्या पायरीवर बसलात आणि संपलात. छातीत दुखतंय हे सकाळपासून कोणाला सांगितलं नव्हतंत. आणि जन्मभर दुसऱ्यांना म्हणत आलात, "बोला, बोला, मनात येईल ते बोला."

मथुराला अजून सांगितलेलं नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण त्याच्यापुढे बाकी सगळं फुटकळ आहे. तुमची सख्खी बहीण, जिच्या उशाशी तुम्ही तीन वर्षं रोज दुपारी बसलात, तिला तुम्ही मेलात हे ठाऊक नाही. तुमची बदली झाली असं ती समजते.

हे तुमच्या दादांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, केलं. तुम्हाला इस्पितळातूनच परस्पर नदीवर नेलं, तेव्हा मथुरा शेजारच्या तेलुगू बाईंकडे होती. घरी आल्यावर दादा तिला म्हणाले, "वसंता औरंगाबादला गेला. एकाएकी ऑर्डर आली." खोटं इतकं सहज खपलं याचं श्रेय सरकारला. या महिन्यात आपल्या राज्याचे तीन तुकडे झाले. मराठी मुलुख मुंबई राज्यात गेला, कानडी म्हैसुरात, तेलुगू इथे राहिला, आणि नोकरदारांनी आपापली भाषा बघून गाडी धरली. नल्लकुंट्याच्या आपल्या गल्लीतून दर आठवड्याला एक बिऱ्हाड उठतंय. काल ज्या घरी विरजण मागितलं तिथे आज कुलूप असतं आणि कोणी रडत नाही. अशा दिवसांत माणूस नाहीसा झाला तर बदली एवढंच कारण पुरतं.

मथुराने एकच विचारलं. "दादा, तुमची मिशी कुठे गेली?"

दादा म्हणाले, "मुंबई सरकारात मिशी चालत नाही."

ती हसली. मी आत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासली.

तेव्हापासून तिचं जेवण कमी होत होत आता दोन घासांवर आलं आहे. दुपारचे चार वाजले की तुमच्या खोलीत जाऊन दिवाणावर पडते. आज गादी नव्हती, तर नुसत्या फळ्यांवर पडली. मी कापसाच्या ढिगात बसून बघत होते. छताकडे बघत बराच वेळ पडली आणि मग उठून गेली. पाठीवर फळ्यांचे वळ उठले असतील.

आता भांडण.

मथुरा आजारी पडली ती आबा गेल्यानंतर. सासऱ्यांबद्दल लिहितेय, तर पदर नीट घेऊन लिहिते. नवऱ्याने टाकली म्हणून ती माहेरी आली तेव्हा आबांनी तिला घरात पंक्तीला बसू दिलं नाही. वर्षभर तिचं ताट ओसरीवर. कुत्र्याला हाड करत जेवायची. आबा जिवंत होते तोवर ती मुकाट होती. आबा गेले, दादांनी तिला आपल्याकडे हैदराबादला आणलं, आणि इथे मेलेले आबा तिच्याशी बोलायला लागले. ती पाटावर बसली की मागून म्हणायचे, "ताट उचल. बाहेर हो." ती ताट उचलायची आणि जिन्यात जाऊन बसायची. पुढे पुढे ताटच घेईना.

तुम्ही तेव्हा कलकत्त्याहून नुकतेच परतला होतात. इथे डॉक्टरी शिकलात, वेड्यांच्या इस्पितळात सरकारी नोकरी लागली, घर जरा मान वर काढतंय तोच बिनपगारी रजा टाकून कलकत्त्याला गेलात आणि तिथे ही मनाची विद्या शिकायची म्हणून दोन वर्षं कोण्या बंगाली गृहस्थाच्या कोचावर पडून स्वतःच बोलत राहिलात. दादांनी गावात सांगितलं, पुढचं शिक्षण चालू आहे. परत आल्यावर पुढची खोली घेतलीत, हा दिवाण आणलात, त्याच्या डोक्यामागे आबांची हातांची खुर्ची ठेवलीत. सकाळी इस्पितळात वेड्यांच्या डोक्याला वीज, दुपारी घरी कान. असे दोन धंदे एका माणसाने केलेले मी दुसरे पाहिले नाहीत.

मी म्हटलं, मथुराला इस्पितळात न्या. तुम्ही जेवत होतात.

"तिला तिथे नेणार नाही, वहिनी."

"का? तुमचंच तर इस्पितळ."

"म्हणूनच. चारजण कसे धरतात, तोंडात बोळा कसा कोंबतात, ते मी रोज बघतो."

"बघता कुठे? बटण तुम्ही दाबता."

तुम्ही भात कालवत राहिलात. वरण केव्हाच संपलं होतं.

"आणि लोकांच्या बहिणींना चालते ती वीज?" मी विचारलं.

तुम्ही ताटावरून उठलात. हे उत्तर तुमच्याकडे अजून राहिलेलं आहे. आता ते मिळायचं नाही, तरी प्रश्न मी मागे घेत नाही.

तुमचे मोठे साहेब, इस्पितळाचे सुपरिंटेंडेंट, दिवाळीच्या फराळाला आले होते ते आठवतं? त्यांना तुमची ही दुपारची दुकानदारी मुळीच मान्य नव्हती, पण तुमच्यावर जीव होता. चकली मोडत म्हणाले, "वसंतराव, हड्डी किसने तोडी पूछते बैठे तो हड्डी जुडती नहीं."

तुम्ही म्हणालात, "साब, नहीं पूछे तो वो आके फिर तोडता."

साहेब माझ्याकडे वळले. "देखो अम्मा! बातां करने से दिमाग ठीक होता तो मैं सब मरीजां को मुशायरे में नहीं भेज देता था? सरकार का खर्चा बचता."

मी हसले. तुम्ही माझ्यावरच रागावलात. मला तेव्हाही वाटलं होतं आणि आताही वाटतं, की तुम्ही दोघेही खरं बोलत होतात आणि दोघांपैकी एकालाही दुसऱ्याचं ऐकायचं नव्हतं. चकली मात्र दोघांना सारखीच आवडली.

मग साहेबांनी विचारलं, "और बहन कैसी है तुम्हारी?" तुम्ही म्हणालात, "गाव में है साब. अच्छी है." मथुरा भिंतीपलीकडे होती. आम्ही आवाज जाऊ नये म्हणून दार ओढून घेतलं होतं.

भावोजी, याचा मला सगळ्यात राग येतो. तुमच्याच शास्त्राचा नियम आहे ना, की आपल्या रक्ताच्या माणसाला आपण तपासायचं नाही? तुम्हीच मला सांगितला होता, दुसऱ्या कोणाच्या तरी गोष्टीत. सगळ्या शहराला तुम्ही सांगत होतात, लपवू नका, लपवलेलं सडतं. आणि आपल्या घरचं आलं तसे तुम्ही दोघे आबांचे मुलगे झालात. घरातलं घरात. दादा म्हणाले, बाहेर कळलं तर नाव जाईल. तुम्ही म्हणालात, बाहेर आपल्या मराठीत तिचं ऐकणार तरी कोण. दोघांची कारणं वेगळी होती, कडी मात्र एकच लागली. तुमच्या धंद्यातल्या परक्या माणसाने हे कधी केलं नसतं. हे आपल्यासारख्या घरातच होतं, जिथे डॉक्टर मुलगा म्हणजे घरची विहीर, बाहेरचं पाणी कशाला प्यायचं.

खुर्चीचं तर मी तुम्हाला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. तुमचा चेहरा आईंवर गेला होता, पण आवाज आबांचा होता. तोच जाड घसा, बोलण्याआधी तीच दोनदा खाकरायची सवय. फोनवर, दारात, सगळे फसायचे. आणि ज्या बाईला मागून आबा बोलताना ऐकू येतात तिला आडवं निजवून तुम्ही तिच्या डोक्यामागे, तिला दिसणार नाही असे, आबांच्या खुर्चीत बसलात!

मी म्हटलं, "समोर बसा."

"पद्धत अशी आहे, वहिनी. तोंड दिसलं की माणूस तोंड बघून बोलतो."

मी पडद्याबाहेर तांदूळ निवडत बसायची. एक दिवस तुम्ही खाकरलात आणि मथुरा उठून बसली. "आले, आबा," म्हणाली, आणि पायाशी नसलेलं ताट उचलून दोन्ही हातांत धरून दाराकडे चालायला लागली. माझ्या समोरून गेली. मी तुमच्याकडे पाहिलं. तुमचा चेहरा पांढरा पडला होता.

संध्याकाळी तुम्ही मला समजावलंत. म्हणे हाच उपचार आहे. पेशंटाला डॉक्टरात आपला बाप दिसावा लागतो, तरच तो बापाशी राहिलेलं भांडण डॉक्टरशी भांडतो. तुम्ही त्याला एक इंग्रजी नाव सांगितलंत, ते मी विसरले.

मी म्हटलं, "इतरांना तुम्ही बापासारखे दिसत असाल. तिला तुम्ही तिचा बापच ऐकू येता. सोंग घ्यायला आधी माणूस वेगळा असावा लागतो."

तुम्ही खुर्ची हलवली नाहीत. खाकरायचं मात्र बंद केलंत. तीन वर्षं त्या खोलीत घसा दाबून बसलात. मी बाहेरून ऐकत होते, खाकरणं गिळून टाकल्याचा आवाजसुद्धा कळतो. असलं तुमचं शहाणपण! अर्धी चूक सुधारायची आणि उरलेली अर्धी शास्त्र म्हणून सांभाळायची.

एकदा मी चिडून म्हटलं होतं, "तीन वर्षं काय शोधताय? आबांनी तिला ओसरीवर जेवू घातलं, त्याने ती वेडी झाली. मला विचारलं असतं तर पोळ्या लाटता लाटता सांगितलं असतं."

"तुम्ही सांगणं वेगळं आणि तिने सांगणं वेगळं, वहिनी."

"आणि तुमची आत्या? तीही विहिरीशी बसून एकटी बोलायची. तिला तर कोणी ओसरीवर जेवू घातलं नव्हतं. घराण्यात आहे हे."

"असेलही. पण घराण्यात असतं ते एखाद्याच माणसात का उगवतं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. हे मी लिहून देते, म्हणजे हिशेब एकतर्फी राहणार नाही.

आणखी एक लिहून देते. त्या गाद्या-उशांच्या खोलीत तुम्ही केलंत त्यातलं एक अजून माझ्या मनातून जात नाही. मी चहा घेऊन आत आले होते. मथुराने पडल्या पडल्या विचारलं, "वसंता, आबा खरंच बोलतात का रे?" माझ्या ओठांवर आलं होतं, नाही हो वन्सं, आता गेले ते, आता नाही येणार. कोणीही हेच म्हणालं असतं. तुम्ही उठलात, पहिल्यांदाच खुर्ची सोडून तिच्यासमोर जमिनीवर बसलात आणि म्हणालात, "मला ऐकू येत नाहीत. तुला येतात, हे खरं आहे."

त्या संध्याकाळी ती पंक्तीत बसून जेवली. भाकरी मागून घेतली. आवाज थांबले नव्हते, ते मला माहीत आहे, मध्येच मान वळवून मागे बघायची. पण जेवली. पुढे कधी जिन्यात गेली नाही. वीज न लावता हे झालं, आणि ते तुम्ही केलंत. मी तेव्हा म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तुम्ही आणखी दोन खुर्च्या आणल्या असत्या.

नंतर बाहेर येऊन तुम्ही मला दम दिलात. "या घरात तिच्याशी कोणी खोटं बोलायचं नाही. एकदाही नाही. तिच्या कानात आधीच इतकं खोटं आहे की आपलं एक जरी त्यात मिसळलं तरी तिला वेगळं काढता येणार नाही." दादा मान हलवत होते. दादा नेहमीच मान हलवतात.

आणि मला म्हणालात, "वहिनी, तुम्हीही एकदा पडा दिवाणावर. पुष्कळ साठलं असेल."

मी म्हटलं, "मला पडायला वेळ नाही."

नव्हताच. तुमचे पेशंट जाईपर्यंत स्वयंपाकघरात पोरं दाबून ठेवायची, गौलीगुड्याहून भाजी आणायची, तुमच्या बहिणीला न्हाऊ घालायचं. माझं साठलेलं मी वाळवणाबरोबर उन्हात टाकते, ते वाळतं.

काल मोठे साहेब सांत्वनाला आले. बसले तुमच्याच खोलीत. आतून मथुरा आली, त्यांना बघून पदर सावरला आणि दिवाणावर पडली, चार वाजले होते. साहेबांनी एका नजरेत सगळं ओळखलं.

"ये वोइच बहन?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"हौ साब."

"मेरे से छुपाया. तीन साल!" चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पागल था. मेरा सबसे अच्छा डाक्टर था, और पागल था."

मग कामाचं बोलले. हिचं वजन असंच उतरलं तर प्रवासात मरेल. दादांना डिसेंबरात औरंगाबादला नोकरीवर हजर व्हायचं आहे. सोमवारी सकाळी उपाशी पोटी घेऊन या, शॉक सुरू करू, बरोबर ती परदेशची नवी गोळी देऊ, महिन्याभरात गाडीत बसण्याजोगी होईल. भाऊ गेल्याचं आता मुळीच सांगायचं नाही, अंग धरल्यावर सांगा. दादांना केवढं हलकं वाटलं! म्हणाले, "डॉक्टरच सांगताहेत. औरंगाबादला गेल्यावर बघू."

मलाही पटलं. खरंच पटलं. उपाशी माणसाला आधी खायला घालावं, मग बातम्या द्याव्यात. तीन वर्षांपूर्वीच हिला तिथे नेलं असतं तर आज तिची हाडं मोजता आली नसती, असं मी म्हणते आणि म्हणत राहीन.

पण औरंगाबादला गेल्यावर ती स्टेशनावर तुम्हाला शोधेल. मग दादा काय सांगतील? नागपूर. मग मुंबई. राज्य मोठं झालं आहे, बदल्यांना तोटा नाही. तिला तुम्ही ऐकू यायला लागाल, आणि तुम्ही मेलेले आहात की बदलीवर, हे तिला कशावरून कळावं? घरात एक म्हातारा मागून बोलतो तो पुरेसा नाही का?

कापूस भरून ठेवते. हात भरले आहेत.

सोमवार

सकाळी मथुराला न्हाऊ घातलं. चहा दिला नाही. दादा ओसरीत रिक्षेची वाट बघत होते. तिचे केस पुसून झाल्यावर मी तिच्यासमोर पाटावर बसले.

"वन्सं, भावोजी औरंगाबादला गेले नाहीत. ते वारले. इस्पितळात, छातीच्या दुखण्याने. त्यांना जाळलं त्या दिवशी तुम्हाला शेजारी ठेवलं होतं."

तिने माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"खरं सांगताय?"

"खरं."

"मला का नाही नेलं?"

"आम्ही भ्यालो."

तिने माझ्या थोबाडीत मारली. हात इतका बारीक झाला आहे, तरी चांगली बसली. मग रडायला लागली. नवऱ्याने टाकली तेव्हा, आबा गेले तेव्हा, तिला रडताना मी पाहिलं नव्हतं. "वसंता, वसंता" करत जमिनीवर डोकं टेकून रडली. त्या सगळ्या वेळात एकदाही तिने मान वळवून मागे पाहिलं नाही.

दादा धावत आत आले. "काय केलंस हे? आज? आत्ता?"

"रिक्षा आली का?" मी विचारलं.

रडत होती तशीच तिला रिक्षेत बसवली. रस्ताभर माझा दंड धरून ठेवला होता, नखं रुतली आहेत. इस्पितळात साहेबांनी तिचे डोळे बघितले, मग माझा गाल बघितला.

"बोल दिए?"

"हौ."

साहेब रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "अम्मा, मैं उस दिन ये नहीं बोला तुमको. शॉक के बाद आजू-बाजू के दिनां याद से मिट जाते. आज की सुबह भी जाएंगी शायद. फिर पूछेंगी, वसंता कहाँ है. फिर से बोलना पडेंगा, और वो फिर पहली बार जैसा रोएंगी."

अटेंडंट बायका दारात उभ्या होत्या. मथुराने माझा दंड सोडला नव्हता.

"फिर बोलूँगी," मी म्हटलं, आणि तिच्या हातातल्या बांगड्या एकेक करून काढायला लागले.